जुन्या २८ इंची सायकलला डायनामो : बाटली की हबचा?

प्रश्न: रोज पहाटे अंधारात १२ किमी जाणं आहे. बाटली डायनामोवर (टायरला घासून फिरणारा, बाटलीसारखा वीजजनक) बल्ब सारखे उडतात. एलईडी लावू, की हब डायनामोच (चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलेला) घेऊ?

उत्तर १: आधी मागची वायर तपासा. पुढचा बल्ब २.४ वॅटचा, मागचा ०.६ वॅटचा, मागची जोडणी सुटली की सगळा भार पुढच्यावर येतो. पुढचा गेला तर मागचा लगेच उडतो. अर्थिंग फ्रेममधून असतं, त्यामुळे डायनामोच्या क्लॅम्पच्या स्क्रूखालचा रंग-गंज खरवडा, नाहीतर दुहेरी वायर ओढा.

उत्तर २: एलईडी जरूर, पण ६ व्होल्ट एसी डायनामोसाठीच बनवलेला. बॅटरीवरचा दिवा थेट जोडू नका, जळेल. कपॅसिटरवाला (थोडी वीज साठवणारा) घ्या, सिग्नलला थांबलात तरी मागचा लाल दिवा काही मिनिटं तेवत राहतो. हे फार मोलाचं.

उत्तर ३: रोजचं जाणं असेल तर हबच. पावसात बाटलीची चकती टायरवर घसरते. मात्र पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची (फोर्कची) आतली रुंदी मोजा: हबला साधारण १०० मिमी लागते, जुन्या सायकलींत कमी भरते. हबवरची स्पोकची भोकंही रिमइतकीच हवीत, पुढे बहुधा ३२.

उत्तर १: बाटलीच ठेवलीत, तर तिच्या आसाची रेषा चाकाच्या आसातून गेली पाहिजे. तिरकी बसली की टायर खाते.