लाईन गेली की तुमच्या घरी काय बंद होतं, आणि कोणाचं?

एप्रिल २०२२ आठवा. देशभर कोळशाची ओढाताण, कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द, २९ तारखेला देशाची मागणी २,०७,००० मेगावॅटच्या वर, आणि आपल्याकडे भारनियमनाची चर्चा परत सुरू. त्याच आठवड्यात आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या सोसायटीत जिन्यातले निम्मे दिवे काढायचे का, यावर सभा भरली. बराच वेळ खडाजंगी चालली. हॉलमधले दोन्ही एसी जोरात. ठराव एकमताने मंजूर झाला. गुडघ्यांनी बेजार झालेल्या, कठड्याला धरून चढणाऱ्या आजी सभेला नव्हत्या.

तेव्हापासून डोक्यात आहे, की टंचाईच्या काळात घराघरांत बचत होते ती कोणाच्या वाट्याची? २००५ ते २०१२ चं भारनियमन बघितलेल्यांनी तर नक्की लिहा. कोणी काय बंद केलं, कोणी ऐकलं नाही, भांडण कशावरून झालं. एलईडी लावा वगैरे सल्ले नकोत, ते बिलाच्या मागच्या बाजूला छापलेले असतात.

महालची सून

लिहितेच. आमचा वाडा, माणसं भरपूर, मीटर एक. सासरे अण्णा वीजबचतीचे कट्टर. खोलीतून माणूस बाहेर पडला की मागून अण्णा बटण दाबायला हजर. पण बैठकीत दोन ट्यूबलाइट आणि स्वयंपाकघरात चाळीसचा पिवळा बल्ब. भाकरी करपली की नाही ते वासावरून कळायचं. "तिथे काय वाचायचंय?" हे अण्णांचं वाक्य.

भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, ते कापून मी फ्रिजवर चिकटवलेलं. घर त्या कागदावर चाले. सकाळची लाईन जायची असली की त्याआधी मिक्सरवर चटणी, खोबरं, आलं-लसूण एकदमच वाटून डब्यात भरायचं. टाकीत पाणी चढवायचं. कूलर काठोकाठ भरायचा. हे सगळं कोणी करायचं, तर बायकांनी. आणि लाईन गेली की अण्णा अंगणात खुर्ची टाकून म्हणायचे, "बघा, विजेवाचून काही अडत नाही."

एकदा सासूबाई काही न बोलता उठल्या, बैठकीतली एक ट्यूब काढायला लावली आणि धाकट्या दिराला म्हणाल्या, "स्वयंपाकघरात लाव." दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी पहिल्यांदा वरणाच्या रंगाची तारीफ केली. रंग तोच होता हो, दिसला पहिल्यांदा.

धंतोली, एकटी राहते

ताई, अगदी. माझे वडील माझ्या अभ्यासाच्या दिव्यावर बोलायचे आणि स्वतः टीव्हीसमोर झोपायचे. टीव्ही बंद केला की जागे.

खापरखेड्याचे काका (निवृत्त)

नोकरी वीजकेंद्रात गेली. एकीकडे कोराडी, एकीकडे खापरखेडा, चिमण्या घरातून दिसतात. त्यामुळे नातेवाइकांचा समज असा की आमच्याकडे नळ सोडावा तशी वीज येते. अरे बाप्पा, बनलेली वीज सगळी ग्रिडमध्ये, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात जाते. दिव्याखालीच अंधार असतो तसं, राख आमच्या अंगणात आणि वीज सगळ्या महाराष्ट्राची.

एक गोष्ट लोकांना पटत नाही, ती सांगतो. टंचाई युनिटची कमी, वेळेची जास्त असते. ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरी सेकंदाला किती, ती ५० पाहिजे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली की यंत्रांचा वेग उतरायला लागतो, फ्रिक्वेन्सी खाली येते. मग कुठला तरी भाग तोडावा लागतो, नाही तर सगळंच बसतं. ही ओढ पडते संध्याकाळी, दिवेलागणीपासून दहापर्यंत. कोळशाचा संच मनात आलं की सुरू आणि मनात आलं की बंद असा चालत नाही. म्हणून त्या वेळेला कोयनेच्या पाण्यावर भिस्त.

तेव्हा आमच्या घरात नियम एकच होता. संध्याकाळी सहा ते दहा इस्त्री नाही, गिझर नाही, पंप नाही. बाकी दिवसभर कोणी काही लावा. आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता, "याने बिल किती कमी होतं?" एक पैसाही नाही. घरगुती मीटरला सकाळ-संध्याकाळ भाव तेव्हा सारखाच. शेजारी मला खुळा समजत.

५ एप्रिल २०२०, कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या हाकेवरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते, तेव्हा मात्र सगळ्यांचे फोन मलाच. फ्रिज बंद करू का, मेन स्विच पाडू का! म्हटलं, फक्त दिवे घालवा, पंखे आणि फ्रिज सुरू राहू द्या. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली. ती सांभाळायला जलविद्युत केंद्रं आधीपासून तयारीत ठेवली होती. लोक म्हणतात, माझ्या एका दिव्याने काय होतं? त्या रात्री काय होतं ते आकड्यात दिसलं.

काटोलचा, सध्या हुडकेश्वर

शहरवाल्यांचं भारनियमन वाचून हसू आलं, राग नका मानू. आमच्या गावी लाईन असायची कमी आणि नसायची जास्त. संत्र्याला पाणी द्यायचं तर रात्रीची पाळी, हातात टॉर्च, पायाखाली काय आहे पत्ता नाही. म्हणून सगळ्यांनी पंपाला ऑटो स्विच लावलेले. लाईन आली की पंप आपोआप सुरू. आता गंमत बघा. लाईन आल्याबरोबर त्या डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम उठायचे, डीपी बसायची. मग पुढचे कितीतरी दिवस कोणालाच पाणी नाही. ऑटो काढा म्हणून सांगायला माणूस येऊन गेला. प्रत्येकाचं म्हणणं, आधी त्याने काढावा.

बाबा मात्र घरातला शून्याचा बल्बही विझवून झोपायचे. नागपूरला आले की सीताबर्डीच्या दुकानांच्या पाट्या बघत उभे राहतात. मला विचारतात, "हे कोणाच्या वाट्याचं आहे?" मी काय सांगू.

मानेवाडा

आमच्याकडे युद्ध कूलरवरून आहे. नवऱ्याला एसी पाहिजे होता, आईंचा ठाम नकार. हिशोब असा, की पत्र्याचा मोठा कूलर पंपासकट दोनशे-अडीचशे वॅट घेतो. दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला दीड युनिटच्या आसपास. शिवाय मे महिन्याच्या आपल्या कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही. खसच्या ताट्या नव्या असल्या की घरभर वास. आई रात्री उठून पंप बंद करतात, ओल्या ताट्यांवर नुसता पंखाही थोडा वेळ गार हवा देतो. त्यांना हे कोणी शिकवलं नाही.

पण पाऊस सुरू झाला की कूलर नुसता चिकचिकाट करतो, आणि मग नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतो. शेवटी एसी आला. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वर येतात, आमच्याकडे तो आकडा एका मिनिटाच्या वर टिकलेला नाही. १८ वर एसी आणि अंगावर रजई! आई खोलीच्या दारातूनच परत फिरतात.

त्रिमूर्तीनगर

आमच्या तीर्थरूपांची बचत टंचाईसाठी नाही, स्लॅबसाठी. ३०० युनिटची वेस ओलांडायला आली की महिन्याच्या शेवटी घरात कर्फ्यू. त्यांना वाटतं की ३०१ वं युनिट जळलं की सगळ्या युनिटांना वरचा भाव. बिल समोर ठेवून दाखवलं, की वरचा भाव फक्त वरच्या युनिटांना. म्हणाले, "तुला कंपनीने फितवलंय." तारीख उलटली की पहिल्या दिवशी स्वतःच गिझर लावून बादलीभर आंघोळ.

नाव नको

कडू वाटेल, पण लिहितो. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त, असे गट होते. आमच्या मागच्या गल्लीत रात्री तारेवर वीजचोरीचे आकडे पडायचे, सकाळी काढून ठेवायचे. बिल वेळेवर भरणारे आम्ही आणि ते एकाच गटात. आमच्या आईने तेव्हा बचत करणं सोडून दिलं. "आपण वाचवायचं आणि त्यांनी हीटरवर पाणी तापवायचं?" तिला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. आकडे टाकणाऱ्यांकडे मीटर मागायला पैसे होते का, हे तिनेही कधी विचारलं नाही, तेही खरं.

दिल्लीत होते, आता परत नागपूर

३१ जुलै २०१२. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड बसलं, साठ कोटींवर लोक अंधारात. मी मेट्रोत अडकलेली. आईला फोन लावला तर मागे मिक्सरचा आवाज. आपण पश्चिम ग्रिडवर, आपल्याकडे काहीच झालं नव्हतं. आई म्हणाली, "तुमच्याकडे वेळापत्रक नाही का छापून येत?"

वर्धा रोड

छतावर तीन किलोवॅटचं सौर बसवलंय, सबसिडी ७८,००० मिळाली. तेव्हापासून घरात कोणी कोणाला दिवा घालव म्हणत नाही. घरचीच वीज! बिल जवळजवळ नाहीच. तिन्ही खोल्यांत रात्रभर एसी.

खापरखेड्याचे काका (निवृत्त)

अभिनंदन. पण रात्री नऊ वाजता तुमच्या छतावर ऊन कुठलं येऊन राहिलं, दादा? दिवसा तुम्ही ग्रिडला दिलेल्या युनिटांची बिलात वजाबाकी होते, ती कागदावर. त्या वेळेची वीज आमच्याच चिमणीतून जाते.

वर्धा रोड

काका, मान्य. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप कालपासून दुपारी बाराला लावतोय. एसीचं मात्र माझ्या बायकोशी तुम्हीच बोला, नंबर पाठवतो.