जुने मोटरवरचे शिअरिंग मशीन हातापायाने चालवता येईल का?

प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात वडिलांच्या काळापासून पत्राकामाचे दुकान आहे. पावसाळ्याआधी पन्हळी आणि एरवी धान्याच्या कोठ्या व पेट्या असे काम असल्यामुळे बहुतेक २४ आणि २२ गेजचा जस्ती पत्रा लागतो, क्वचित पेटीच्या तळासाठी २० गेजचा (गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड). आजवर सारे हातकात्रीवर भागवले. गेल्या महिन्यात चार फुटी मेकॅनिकल शिअरिंग मशीन, म्हणजे पत्रा कापायचे यंत्र, भंगाराच्या भावाने मिळाले. बिडाच्या दोन भक्कम बाजू, फ्लायव्हील (जड चाक), त्याच्या शाफ्टवर लहान पिनिअन (छोटे दात्याचे चाक), मग मोठे गिअर, पाते वरखाली करणारा क्रँकशाफ्ट आणि पायाने पिन सोडली की चाकाला क्रँकशी जोडणारा क्लच अशी रचना आहे. पाटीवर क्षमता ३.१५ मिलिमीटर लिहिली आहे. मोटर मिळाली नाही, आणि दुकानात थ्री फेज वीजही नाही.

फ्लायव्हील, गिअर व क्रँक काढून टाकावे आणि वरचे पाते धरणाऱ्या आडव्या बीमला दोन्ही बाजूंनी दांडे जोडून पायडल बसवावे, असा माझा विचार आहे. वरच्या पात्याचा उतार मोजला, तो पूर्ण लांबीत ४० मिलिमीटर भरला. पायाचा जोर पुरेल का?

प्रतिसाद १

पत्र्यापुरते बोलायचे तर पुरेल. तिरक्या पात्याखाली एका वेळी पत्र्याचा थोडाच भाग कापला जात असतो, त्यामुळे लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तुम्ही दिलेला उतार आणि साध्या पोलादाची कातरबळाला टिकण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३२० न्यूटन धरून हिशेब केला, तर ३.१५ मिलिमीटरला जवळपास ५ टन जोर लागतो, पण २४ गेजला सुमारे १६० किलो, २२ गेजला २६० आणि २० गेजला ४१० किलो इतकाच. ६५ किलो वजनाचा माणूस सहास एक अशा तरफेवर उभा राहिला, तर ३९० किलो मिळतात. म्हणजे २० गेजला तो कमी पडेल, बाकीचे काम होईल.

मात्र अडचण कापण्यात नाही, बीम उचलण्यात आहे. मोटरवरच्या मशीनची बीम जड असते आणि तिला वर नेण्याचे काम आजवर क्रँक करत आली आहे. ती काढली की हे सारे वजन स्प्रिंगवर किंवा मागे लटकवलेल्या वजनावर तोलावे लागेल. पायडलचे दोन्ही दांडे एकाच जाड पाइपवर वेल्ड केलेले हवेत, नाहीतर एका टोकाला पाय पडला की बीम गाइडमध्ये तिरपी अडकेल. पत्रा दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्प्रिंगही पायाचाच जोर खातील. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो : क्रँकचा एकही बोल्ट सैल करण्याआधी बीमखाली दोन्ही टोकांना लोखंडी ठोकळे लावा. बीम सुटून खाली आली, तर ती हाताने थोपवता येत नाही.

प्रतिसाद २

मी क्रँक काढणार नाही. जी तरफ तुम्ही नव्याने करू पाहत आहात, ती गिअरच्या रूपाने मशीनमध्ये आधीच आहे. फ्लायव्हीलच्या कडेला हँडल बसवा आणि हातानेच फिरवा.

समजा, फ्लायव्हीलच्या पाच फेऱ्यांना क्रँकचा एक फेरा होतो. (तुमच्या गिअरचे दाते मोजून खात्री करून घ्या.) यापैकी प्रत्यक्ष कापणे साधारण दीड फेऱ्यात आटोपते. हँडल मध्यापासून ३०० मिलिमीटरवर असेल, तर २० गेजसाठी हातावर सरासरी ६ किलोच्या आसपास जोर येतो; घर्षण धरून तो दुप्पट झाला, तरी तरुण माणसाला जड नाही. कामाचा वेग कमी राहील, पण पन्हळीच्या पट्ट्यांना तेवढा पुरतो. शिवाय पुढे मोटर मिळाली, तर मशीन जसेच्या तसे शाबूत असेल.

दोन अटी आहेत. क्लच कायम जोडलेल्या स्थितीत बोल्टने पक्का करा, म्हणजे चाक फिरले की बीम हलते आणि चाक थांबले की बीम थांबते. फ्लायव्हील मोकळे गरगरवून मग क्लच जोडण्याचा मोह टाळा, कारण चाकात साठलेला जोर बोट मध्ये आले म्हणून थांबत नाही. दुसरे म्हणजे, चाक फिरवणारा मागे आणि पत्रा सरकवणारा पुढे असल्यामुळे दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. म्हणून पात्यासमोर लोखंडी पट्टीचे गार्ड हवेच, आणि त्याखाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. हँडल मात्र काढता येणारे असू द्या. मोटर लागलेल्या दिवशी ते तिथे राहता कामा नये.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी सहमत आहे. पण आधी पाती बघा. जाड पत्र्यासाठी लावलेल्या पात्यांमधली फट पातळ पत्र्याला फार मोठी होते; पत्रा कापला न जाता पात्यांच्या मध्ये दुमडतो आणि सगळा जोर फुकट जातो. जाडीच्या ५ ते ७ टक्के फट धरली, तर २४ आणि २२ गेजसाठी ०.०४ मिलिमीटर योग्य. ०.०४ चे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढत जावे आणि ०.०५ चे जाऊ नये, असे पूर्ण लांबीत दर वीतभर अंतरावर तपासा. तपासताना बीमखाली लावलेले ठोकळे काढल्यावर चाक हाताने सावकाश फिरवून वर्तमानपत्राची पट्टी कापून पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मोठ्या गिअरचे दाते ९६ आणि पिनिअनचे १६ भरले, म्हणजे सहास एक. क्लच जोडून, चाकाच्या आऱ्यात पाइप घालून सावकाश फिरवले. उजवीकडून साधारण दीड फुटापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला, मधल्या वीतभर भागात तो दुमडला आणि पुढे पुन्हा कापला गेला. फिलर गेजने पाहता मध्ये ०.१५ ची फट आहे, टोकांना ०.०५. खालच्या पात्यामागचे मधले दोन बोल्ट गंजून धरले आहेत. त्यांवर रॉकेल सोडून ठेवले आहे. ते सुटले की आधी फट लावतो आणि मगच हँडलला हात घालतो.