मदत हवी आहे : काल्पनिक जगातले प्राणी, चालीरीती, भाषा सगळं तयार आहे, पण जग काही उभं राहत नाही

तिसरी_वही

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज पहिलाच धागा काढतेय, तोही अडलेय म्हणून.

तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. जग पूर्ण काल्पनिक. कोराळ नावाचं उंच पठार, चारी बाजूंनी कडे, वर्षातले आठ महिने पाऊस आणि धुकं. तिथे वणवाळ असतात, म्हणजे पंख असलेलं, आग ओकणारं, घोड्याच्या दुप्पट वजनाचं जनावर. माझ्याकडे तीन वह्या आहेत. पहिलीत सदतीस प्राणी, चित्रांसकट. दुसरीत चालीरीती. तिसरीत कोराळी भाषेचे सहाशे शब्द.

मागच्या आठवड्यात सहावीतल्या भाचीला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. चाळीस वणवाळ एकदम कड्यावरून झेपावतात, असं (माझ्या मते) जोरदार दृश्य आहे. तिने चिवडा खाता खाता विचारलं, "मावशी, हे एरवी खातात काय?" मी वही चाळली. उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वहीचंही तेच. कोराळच्या लग्नात नवरी नवऱ्याच्या डोक्यावर पालथं मडकं ठेवते. का? मला छान वाटलं म्हणून. आणि भाषेबद्दल भावाने जे सुनावलं ते तर लागलंच. 'मी घरी जातो' हे कोराळीत 'ना ओंबी झेतो' असं होतं. तो म्हणाला, "ही मराठीच आहे, नुसता मुखवटा घातलाय."

तर या तीन वह्या एकमेकींशी बोलायला लागाव्यात म्हणून काय करू? कुणी असं काही लिहिलं असेल तर सांगा. 'आधी मूळ कथानक पक्कं करा' हा सल्ला मिळून झालाय, तो कृपया नको.

सडेफटिंग

भाचीला माझा दंडवत सांगा. प्रश्न बरोबर नसेवर बोट ठेवणारा आहे.

मांसाहारी प्राण्यांच्या अभ्यासातला एक ठोकताळा आहे : ९० किलो मांसाहारी पोसायला साधारण १०,००० किलो भक्ष्य रानात हिंडतं असावं लागतं. घोडा साडेचारशे किलोचा धरला तर तुमचं वणवाळ झालं ९००चं. म्हणजे एकेका वणवाळापाठी एक लाख किलो. दोनशे किलोचं सांबर धरा, पाचशे सांबरं. चाळीस वणवाळांना वीस हजार. आता पठारावर वीस हजार सांबरं चरताहेत म्हटल्यावर तुमच्या लोकांनी नाचणी कुठे पेरायची?

अतिशयोक्ती वाटत असेल तर आपला वाघ बघा. त्याला वर्षाला पन्नासेक हरणं लागतात, आणि ती मारूनही कळप टिकायचा तर त्याच्या इलाक्यात पाचशेच्या आसपास असावी लागतात. म्हणून वाघ थोडे असतात आणि एकेकटे हिंडतात. चाळीस एकदम झेपावणं फक्त पोस्टरवर शोभतं.

पॉपकॉर्न_घेऊन_बसलो

अहो काल्पनिक आहे ना? जादूने पोट भरतं म्हणा आणि सोडा.

तिसरी_वही

@पॉपकॉर्न, भाची सोडणार नाही.

@सडेफटिंग, हिशोब वाचून आधी राग आला, मग हसू आलं. चाळीसचे चार केले. पण मग गोष्टीतली भीतीच गेली की!

सडेफटिंग

उलट वाढली. चाळीस असले की रोजचेच होतात. चार असले की लोक त्यांना ओळखतात, कुठला म्हातारा, कुठला डाव्या पंखाने अधू.

आणि भीती मोठ्या जनावराचीच असते असं कुठेय? मिझोराममध्ये एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. डोंगरच्या डोंगर एकदम. फळांचा खच पडतो, त्यावर उंदरांची बेसुमार वीण होते, आणि फळं संपली की तेच उंदीर शेतात आणि कणग्यांत घुसतात. तिकडे याला माउताम म्हणतात. १९५९ साली असाच बांबू फुलला आणि दुष्काळ पडला. लोकांची समजूत झाली की सरकारने वेळेत लक्ष दिलं नाही. दुष्काळात मदत करायला जी संघटना उभी राहिली तिचाच पुढे राजकीय पक्ष झाला, १९६६ला त्याने सशस्त्र उठाव केला, आणि समझोता व्हायला १९८६ उजाडलं. सुरुवात कुठून, तर बांबूच्या फुलापासून.

तुमच्या सदतीस प्राण्यांतले तीस काढून टाका असं म्हणणार होतो, पण राहू द्या. एकच निवडा आणि तो नसेल तर कोराळमध्ये कुणाचं काय अडेल, एवढं लिहून बघा. आपल्याकडची कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी धरून मरते. तसं काही कोराळमध्ये असेल तर लोक वयसुद्धा त्यावरच मोजतील. "पोरगी दोन फुलोऱ्यांची झाली, स्थळं बघा."

जुनं_पंचांग

उशिरा आलो, पण मडक्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताई, चालीरीत विचित्र असण्यात काहीच वावगं नाही. मी मालवण तालुक्यातला. आमच्या आचऱ्याला काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव रिकामा. माणसंच नव्हे, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून लोक राहतात. हे तुम्ही कादंबरीत लिहिलं असतंत तर इथेच कुणीतरी म्हणालं असतं, काहीतरीच!

पण ते खरं का वाटतं? कारण त्याला बारीकसारीक खर्च आहे. कोंबड्यांचा खुराडा कुणी उचलायचा, म्हातारीला कसं न्यायचं, गाभण म्हशीचं काय. कारण विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल, आणि कुणाचंच सांगणं कुणाला पुरत नाही. तुमच्या मडक्याला कारण शोधत बसू नका, तीन कारणं द्या, तिघांच्या तोंडी, तिन्ही न जुळणारी. आणि मडकं लग्नातच फुटलं तर काय करतात तेही ठरवा.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. तुमच्या वर्णनात लोक 'वणवाळ आला, वणवाळ आला' ओरडत असतील तर ते तिथले नाहीत, पर्यटक आहेत. आमची आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसे. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळही वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजी हटकायची, 'येतो' म्हण. जिथे धास्ती असते तिथे शब्द वळसा घेतो. तुमच्या वह्या दोन आणि तीन तिथे आपोआप चिकटतील.

ळ_ला_न्याय_द्या

पंचांगराव, क्या बात.

भाषेच्या बाजूने माझे दोन पैसे. सहाशे शब्दांची यादी काही दिवस कपाटात ठेवा. भाषा शब्दांत कमी आणि ती काय सांगायला *भाग पाडते* त्यात जास्त असते. मराठीत 'आम्ही जेवायला चाललो' आणि 'आपण जेवायला चाललो' यात समोरच्याला ताट मिळणार की नाही हे ठरतं. हिंदीतल्या 'हम'मध्ये ते कळत नाही. कोराळीला असा एखादा हट्ट द्या. आठ महिने धुकं आहे ना? मग 'पाहिलं' आणि 'नुसतं ऐकलं' यांना क्रियापदाचे वेगळे प्रत्यय द्या. तिथे खोटं बोलायचं तर व्याकरणातच बोलावं लागेल.

आणि पक्ष्यांना बोलू द्या. पावशा आपल्याकडे 'पेर्ते व्हा' म्हणतो. तो काही म्हणत नाही, पेरणीची घाई झालेल्या माणसाला तसं ऐकू येतं. कोराळच्या धुक्यात कुठला पक्षी ओरडतो आणि तिथल्या माणसाला काय ऐकू येतं, ते सांगा. एका ओळीत प्राणी, शेती, भाषा तिन्ही.

(पंचांगात पावसाच्या नक्षत्राला बेडूक, म्हैस, गाढव अशी वाहनं असतात हे आठवतंय ना? एवढी कल्पनाशक्ती घरात भिंतीला टांगलेली असताना आपण बाहेर कशाला शोधतो, कोण जाणे.)

तिसरी_वही

काल रात्री दोनपर्यंत बसले. सगळ्यांना एकेक आभार देत बसत नाही, जे झालं ते दाखवते. पहिलं प्रकरण आता असं सुरू होतं :

*थोरलीने चुलीवरचं झाकण काढलं आणि तशीच थांबली. बाहेर शेळ्या गप्प झाल्या होत्या. "वरचे आलेत," ती म्हणाली, ऐकल्याच्या प्रत्ययात. धाकट्याने दाराच्या फटीतून बघितलं आणि तेच वाक्य पाहिल्याच्या प्रत्ययात म्हटलं. मग कुणीच काही बोललं नाही. आजीने कोनाड्यातलं मडकं उचललं आणि पोराच्या डोक्यावर पालथं घातलं.*

वणवाळ हा शब्द पूर्ण प्रकरणात एकदाही नाही. मडकं लग्नातून इथे कसं आलं मलाही कळलं नाही. बहुधा आधी ते इथलंच असावं, लग्नात नंतर गेलं असावं.

भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शेळ्या का गप्प झाल्या ते कळलं." आणि मग, "पण 'वरचे' का? तुला नीट दिसलंय का तो आहे, ती आहे की ते आहे?"

आता इथे अडलेय. आदरार्थी बहुवचन ठेवू, की सरळ नपुंसकलिंगी 'वरचं' करू?

जुनं_पंचांग

म्हातारा असेल तर 'वरचे'. पिल्लू असेल तर 'वरचं'. वासरू, कोकरू, रेडकू, सगळी नपुंसकलिंगीच ना आपल्याकडे?

तिसरी_वही

पिल्लू! चौघांत पिल्लू धरलंच नव्हतं. पहिली वही काढते.