जुन्या मराठी घराण्यांची दप्तरं आणि पिठोऱ्याच्या कॅसेटी: एकाच संग्रहात कशा ठेवायच्या?

दांडियाबाजार_मंडळ (वडोदरा)

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या मंडळाकडे वडोदऱ्यातल्या दोन मराठी घराण्यांनी जुनं साहित्य दिलंय. मोडी कागदांचे ४० रुमाल (कापडात बांधलेली गाठोडी), इंग्रजी पत्रं, फोटो, वंशावळीच्या गुंडाळ्या. एका घरातले पूर्वज गायकवाडीत सोनगड-व्यारा भागात वहिवाटदार होते. त्यांच्या वह्यांत चौधरी आणि गामीत आदिवासींकडून ऐकलेली गाणी बाळबोधीत उतरवलेली आहेत. दुसऱ्या घरातून २२ कॅसेटी आल्या. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या पिठोऱ्यातलं, म्हणजे भिंतीवर घोडे रंगवून करायच्या नवसाच्या विधीतलं, रात्रभराचं गाणं १९८० च्या दशकात टेप केलेलं आहे.

दोन प्रश्न. पावसाळ्याआधी निदान काय करून घ्यावं? आणि सगळं स्कॅन करून नेटवर टाकावं असं काही सभासदांचं म्हणणं आहे, ते योग्य आहे का? न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांचे घरगुती कागद आणि माओरी परंपरा एकाच अभिलेखागारात सांभाळतात असं ऐकलं. ती पद्धत इथे चालेल?

खळ_आणि_कागद

आधी कागदाचं सांगतो.

रुमाल सोडण्याआधी तो आहे तसा फोटोत घ्या. कोणता कागद कोणत्या घडीत, कोणाच्या शेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. तारखेवार लावायला बसू नका. रुमाल, पुडकं, कागद अशा क्रमाने नंबर द्या, म्हणजे २/७/१५. नंबर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. शिक्का किंवा स्टिकर नको.

लाल खारव्याचे रुमाल मात्र बदला, कारण ओल लागली की त्यांचा रंग कागदावर उतरतो. साधं मांजरपाट आणा, गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, मग वापरा. खळ राहिली तर तिच्यावर कसर येते. जुना रुमाल टाकू नका. त्यावर कधीकधी खात्याचं नाव किंवा सन लिहिलेलं असतं, त्यामुळे नंबर घालून वेगळा ठेवा.

गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी टाचणी आणि कागद यांच्यामध्ये सरकवा, टाचणी थोडी उचला आणि मग सैल करा. ओढलीत तर गंजाभोवतीचा ठिसूळ कागद तिच्याबरोबर निघून येतो.

पावसाळ्यापूर्वी कागदांना ऊन दाखवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडा. उन्हाने इंग्रजी पत्रांची शाई उडते आणि कागद कडक होतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात दोन दिवस पुरे. बोरूने लिहिलेली काजळाची शाई फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते, म्हणून सुरकुत्या काढायला मोडी कागद ओलसर करू नका. इंग्रजी पत्रांतली तपकिरी झालेली शाई बहुधा लोहयुक्त असते. ती आम्लामुळे कागद जाळते आणि जाड अक्षरांच्या जागी भोकं पडतात. अशी पत्रं आम्लमुक्त कागदात एकेक करून ठेवा.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५ च्या वर बुरशी धरते. आर्द्रतामापक लावा. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार सर्वांत वाईट, कारण थंड झालेल्या कागदावर दमट हवा येऊन बसते. एसी २४ तास चालवणं परवडत नसेल तर तो लावूच नका. ओल शोषणारं यंत्र आणि पंखा बरा. कपाट भिंतीपासून निदान ६ इंच दूर ठेवा आणि खालचा खण रिकामा.

कीड जिवंत असेल तर पुडकं प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर जमेल. काचेच्या निगेटिव्ह यात घालू नका. डांबरगोळ्यांनी अंडी मरत नाहीत, खोलीत बसणाऱ्या माणसालाच त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण तिला औषध समजू नका.

आणि कोणी 'लॅमिनेट करून देतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. तापवून चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको. बाइंडरची खळही घेऊ नका, तिच्यात मोरचूद असतं. त्यातलं तांबं कागदाचा धागा कुजवतं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. मैद्याची खळ वेगळी, तिच्यातल्या चिकाला कीड लागते.

रीळवाला_अल्कापुरी

कॅसेटींचं काम कागदाइतकंच निकडीचं आहे. टेप खराब व्हायची तर थांबत नाहीच, पण ती वाजवणारी यंत्रं आणि दुरुस्त करणारे हात त्याहून लवकर संपतायत.

आत पांढरट किंवा राखाडी ठिपके दिसले तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी डेकच्या हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. बाकीच्यांच्या मागच्या पाकळ्या आधी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मधल्या स्पंजच्या तुकड्यावरचा नमदा सुटला असेल तर आवाज दबलेला आणि थरथरता येतो. अशा वेळी टेप स्क्रू असलेल्या नव्या कवचात बदलून घ्या. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे सुटतात.

प्रत्येक कॅसेटआधी हेड आणि रबरी रोलर पुसा. हेडला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, रोलरला सौम्य साबणाचं पाणी. हेडचा कोन त्या टेपसाठी जुळवावा लागतो. तो चुकला की वरचे स्वर गायब होतात, आणि राठवी गाण्यातले शब्द नेमके तिथेच असतात. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये. एका तासाला साधारण २ जीबी धरा. मूळ फाइलवर 'आवाज स्वच्छ' करू नका. मागचा ढोल, कोंबडा, कोणाचं तरी बोलणं, सगळं राहू द्या. सफाई करायचीच तर ऐकायच्या प्रतीवर.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक शहराबाहेर. पेनड्राइव्ह ही प्रत धरायची नाही. कागद स्कॅन करताना ४०० डीपीआय, फोटोंना ६००, मूळ टिफमध्ये.

अभिलेख_फतेगंज

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते पहिल्यापेक्षा हा अवघड आहे, आणि अपलोड करण्याआधी विचारलात हे फार चांगलं केलंत.

वेलिंग्टनचं अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालय १९२० पासून लोकांसाठी खुलं आहे. वसाहतवाल्यांच्या डायऱ्या-पत्रं आणि माओरी हस्तलिखितं तिथे एकाच छताखाली आहेत, पण नियम एक नाही. वसाहतवाल्याच्या घरचे कागद घरचे वारस देतात, 'इतकी वर्षं बंद ठेवा' म्हणतात आणि मुदत संपली की खुले होतात. माओरींच्या 'व्हाकापापा'चं तसं नाही. त्या वंशपरंपरेत पूर्वजांबरोबर जमीन, डोंगर, नदी सगळं गुंफलेलं असतं, आणि कोणा एका माणसाला ती देऊन टाकता येत नाही. अवघड जागा मध्ये आहे. एखाद्या मिशनऱ्याच्या वहीत माओरी मंत्र उतरवलेला असतो. वही त्याच्या वारसांची असेल, मंत्र त्यांचा नव्हे.

तुमच्या वहिवाटदारांची वही तंतोतंत हीच आहे. म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा: 'कागद कोणाचा' आणि 'मजकूर कोणाचा'. मोडी रुमालांत दोन्ही उत्तरं बहुधा एकच येतील. गाण्यांच्या पानांवर आणि कॅसेटींत ती वेगळी येतील, आणि तिथे पहिल्या रकान्यातल्या माणसाची सही पुरत नाही.

१९१९ ते १९२३ मध्ये तिथल्या डोमिनियन म्युझियमच्या मोहिमांनी मेणाच्या नळ्यांवर माओरी गाणी टिपली आणि चित्रफितीही घेतल्या. पुढे न्यूझीलंडच्या फिल्म अर्काइव्हने या चित्रफिती माओरींच्या मराएवर, म्हणजे सभास्थानी, नेऊन त्यांच्या वंशजांना दाखवल्या. पडद्यावरची माणसं वंशजांनी ओळखली तर नोंदी भरतात, आणि काय दाखवायचं याचं बोलणंही तिथेच होऊ शकतं. तुम्हीही हेच करा. आधी प्रत गावात न्या, सोबत बसून ऐका.

पिठोरा नवसाचा असतो. घरधन्याच्या ओसरीच्या भिंतीवर लखारे, म्हणजे चितारी, घोडे रंगवतात, बडवा, म्हणजे पुजारी, विधी चालवतो आणि गाणं त्या रात्रीचं, त्या भिंतीसमोरचं असतं. कोणाच्या घरी, कोणत्या नवसाचा, बडवा कोण, लखारे कोण, हे चार प्रश्न प्रत्येक कॅसेटला विचारा. मग तीन पायऱ्या ठरवा: सर्वांसाठी, गावासाठी, फक्त बडव्यांसाठी. संमती गुजरातीत लिहा, राठवीत वाचून दाखवा, 'होय' टेपवर घ्या, आणि ती मागे घेता येईल हे त्यात स्पष्ट लिहा. आपला कॉपीराइट कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतो. ज्या गाण्याला एक लेखकच नाही त्याला त्याचा फारसा आधार नाही. न्यूझीलंडमध्ये वायटांगी न्यायाधिकरणापुढे माओरींचा 'वाई २६२' हा दावा १९९१ मध्ये दाखल झाला आणि त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. आपली परंपरा सांभाळण्याचा माओरींचा हक्क तिथे २० वर्षं तपासला गेला. आपल्यापाशी असलं व्यासपीठ नाही, म्हणून हा लेखी करारच काय तो आधार.

सुरुवात तेजगढच्या आदिवासी अकादमीपासून करा. ती चालवणारी 'भाषा' ही संस्था वडोदऱ्यातच १९९६ मध्ये सुरू झाली. संमती मिळेपर्यंत एकही कॅसेट नेटवर नको.

दांडियाबाजार_मंडळ

फार उपयोगी. दोन रकाने उद्याच आखतो. वंशावळीच्या गुंडाळ्या तरी खुल्या करता येतील ना? त्या आमच्याच लोकांच्या आहेत. आणि मोडी पत्रांच्या तारखा कशा लावायच्या?

मोडी_वाचक_रावपुरा

दादा, खुल्या करा, पण 'वंशावळ' एवढंच लिहून नको. ती कशासाठी काढली ते आधी शोधा. इनाम-वतनाच्या भांडणात दाखल केलेली कैफियत असेल तर ती एका पक्षाची बाजू आहे. दत्तक गाळलेला, धाकटी शाखा 'निर्वंश' लिहिलेली, मुली बहुतेक नाहीतच. न्यूझीलंडमध्ये १८६५ पासून माओरींना जमिनीचा हक्क कोर्टात व्हाकापापा सांगून सिद्ध करावा लागे. ती जबान्यांची पुस्तकं आज वंशजांसाठी अमोल आहेत, पण तिथेही प्रत्येक जबानी दावा जिंकण्यासाठीच दिलेली होती. म्हणून गुंडाळीबरोबर तिचा अर्ज, निकाल आणि समोरच्या पक्षाची वंशावळ जोडूनच ठेवा. गायकवाडी दप्तर कोठीतल्या सरकारी अभिलेखागारात आहे, दुसरी बाजू तिथे शोधता येईल. जिवंत माणसांची नावं असलेला शेवटचा भाग मात्र झाकून द्या.

तारखा. पत्रात 'छ' (चांद्र तारखेची खूण) आणि मुसलमानी महिना, सोबत 'इहिदे सितैन मया व अलफ' असे अरबी शब्द असतील तर तो सुहूर सन, इथे ११६१. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारी १७६१ चं, म्हणजे ११६१ अधिक ६००.

बडोद्याच्या कागदांत खरा घोळ संवताचा. गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो, चैत्रात नव्हे. कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विन ५६. उत्तरेचा हिशेब लावलात तर चैत्र ते आश्विन या महिन्यांतली पत्रं एक वर्ष मागे जातात आणि उत्तर पत्राच्या आधी आल्यासारखं दिसतं. नोंदीत मूळ शब्द जसेच्या तसे लिहा, काढलेली इंग्रजी तारीख त्यापुढच्या वेगळ्या रकान्यात.

सोनगडच्या वह्यांतली गाणी वाचताना एक सांभाळा. वहिवाटदारांनी गामीत-चौधरी उच्चार मराठी कानाने लिहिलेत. देवांची नावं 'शुद्ध' करायला जाऊ नका. अक्षरं आहेत तशी उतरवा आणि व्याऱ्याकडच्या जाणत्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ते वाचन रेकॉर्ड करायचं तर संमतीचा तोच कागद त्यालाही लागेल.