सर्वांसाठी लावलेली फळझाडं पिवळी पडताहेत, मदत हवी आहे

मंजिरी_के: पावसाळ्यात लावलेली झाडं पिवळी पडलीत. पपई तर बुंध्याशी मऊ होऊन आडवीच झाली. शेवगा, कढीपत्ता खुरटलेत. शेणखत झालं, जीवामृत झालं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही तोडून नेता यावं म्हणूनच लावलीत, तेव्हा कुंपणाचा सल्ला नको. लवकर सांगा.

बागवान७: गाव कुठलं? जमीन कशी? पाणी किती देता?

मंजिरी_के: कोथरूड. सोसायटीशेजारचा महापालिकेचा मोकळा तुकडा. माती लाल, विकत आणून टाकलेली. पाणी रोज.

अनिकेत_देशी: सगळं काढा आणि मियावाकी करा, म्हणजे देशी झाडांचं दाट जंगल. चौरस मीटरला तीन-चार रोपं. आमच्याकडे जांभळं, करवंदं झकास वाढलीत, पक्षी येतात.

शेतकरीपुत्र: पक्षी येतील हो, पण यांना माणसांना खायला घालायचंय. इतकं दाटलं की झाडं उन्हासाठी वरच धावतात, फळ हाताला लागत नाही. पपईला दोन झाडांत सहा फूट तरी हवेत.

सुनंदा_गच्चीबाग: गच्चीवर ड्रममध्ये लिंबू लावा गं. माझं बारमाही आहे.

सिएटलवासी: इथे बीकन हिलवर 2012 पासून असंच फळवन आहे. कुणीही यावं, तोडावं. पण जागा शहराच्या पाणी खात्याची, आधी रीतसर परवानगी घेतलेली. तुम्ही घेतलीत का?

वकीलकाका: बरोबर. झाड मोठं झालं की 1975 च्या वृक्षजतन कायद्यात येतं, मग तोडायलाही परवानगी लागते. आधीच लेखी घ्या.

मंजिरी_के: नगरसेवकांशी बोललोय. काका, आत्ता झाडं वाचवायची आहेत!

बागवान७: बुंधा मऊ म्हणजे मुळाशी पाणी साचतंय. फूटभर खणा, बादली ओता, तासाभराने बघा.

मंजिरी_के: वीतभर मातीखाली नुसता राडारोडा, विटा आणि सिमेंटचे गठ्ठे. पाणी होतं तिथेच आहे.

बागवान७: मग खत थांबवा, रोजचं पाणीही. पपई आता नव्यानेच लावावी लागेल, दीड फुटी उंचवट्यावर. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या आहेत का? असतील तर सिमेंटच्या चुन्याने लोह मिळत नाहीये.

मंजिरी_के: शिरा हिरव्याच! मग राडारोडा उपसू का वरूनच माती चढवू?

बागवान७: झाडापुरता तीन फुटी खड्डा उपसा, तळाशी पाण्याला वाट ठेवा. बाकीच्या जागेवर पालापाचोळा कुजू द्या.

शेतकरीपुत्र: रस्त्याच्या कडेला पालेभाजी नको, धूळ पानांवर बसते. तिथे शेवगाच.

अनिकेत_देशी: शेवग्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, खाली गाड्या असतात.

शेतकरीपुत्र: दरवर्षी छाटला की बुटका राहतो, शेंगाही हाताला येतात.