रेडा, हल्या, टोणगा: म्हशीच्या कुळातल्या नावांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावच्या शाळेतल्या मुलांसाठी गोठ्यातल्या शब्दांची वही करतोय. गाय, शेळी, मेंढी यांची पानं झाली. म्हशीच्या पानावर अडलोय, आणि आमच्याकडे घरटी म्हैस असल्यामुळे तेच पान सगळ्यात भरघोस व्हायला हवं.

म्हैस शब्दाचं मूळ स्पष्ट आहे. संस्कृत महिषी, प्राकृत महिसी, मग आपली म्हैस. महिष म्हणजे आधी थोर, बलवान. ऋग्वेदात सोमाची थोरवी गाताना 'महिषो मृगाणाम्' म्हटलंय, पशूंमध्ये महिष तसा तो. अमरकोशात तर 'कृताभिषेका महिषी', म्हणजे अभिषेक झालेली पट्टराणी! आज एखाद्या मुलीला म्हैस म्हणून चिडवतात, म्हणून हे मुलांना आवर्जून सांगायचंय.

माझा खरा प्रश्न नराबद्दल आहे. हिंदीत भैंस-भैंसा अशी सरळ जोडी. आपल्याकडे मात्र म्हैस आणि रेडा. महिष म्हसोबाच्या नावात राहिला, म्हैसासुरात राहिला, पण दावणीला रेडाच. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले असं सांगतात तो रेडा, आणि जुन्नर तालुक्यात आळे इथं समाधी आहे तीही रेड्याचीच. शेजारच्या भाषा पाहिल्या. कन्नडात म्हशीला 'एम्मे' आणि रेड्याला 'कोण', गुजरातीत रेड्याला 'पाडो'. यातलं काहीच रेड्याच्या जवळ जात नाही. फक्त कोकणीत रेडो आहे. तर रेडा या शब्दाची व्युत्पत्ती कोणत्या कोशात नीट दिली आहे का? जुन्या पोथीत किंवा शिलालेखात हा शब्द कुणाच्या वाचनात आला असेल तर तेही कृपया लिहा.

दुसरं, हल्या, हेला आणि टोणगा. तुमच्या भागात यातला कोणता शब्द चालतो? तालुका सांगितलात तर फार बरं. पखाल वाहणारा, नांगराला जुंपलेला, वळू म्हणून राखलेला, यांना वेगवेगळी नावं आहेत का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगाल?

आणि पिल्लांचं. पारडू, रेडकू, वगार हे शब्द माहीत आहेत, पण वगार कुठल्या वयापर्यंत म्हणायचं यावर आमच्याच आळीत दोन मतं आहेत. गाभण राहिली की नाव बदलतं का?

जातींची नावं मुलांना पटकन उमगतात. पूर्णाथडी म्हणजे पूर्णेच्या थडीची, नदीकाठची, हे सांगताच वर्गात नकाशा उघडला गेला. तशी आणखी नावं, आणि म्हशीला बोलवायच्या तुमच्याकडच्या हाका, जशा उच्चारता तशाच लिहून द्या. शुद्धलेखनाची काळजी नको.