फळांचा रस की हमस : "हलकं" नेमकं कशाला म्हणायचं?

धागाकर्ती
चारच्या भुकेला माझी बहीण ग्लासभर संत्र्याचा रस घेते. मी हमसची, म्हणजे चणे आणि तीळ वाटून केलेल्या चटणीसारख्या पदार्थाची, वाटी घेतली की म्हणते, "किती जड खातेस!" शेवटी दोन्ही डबे शेजारी ठेवून कोष्टकं वाचली. १०० ग्रॅम रसात साधारण ४५ कॅलरी, तयार हमसमध्ये २३०च्या आसपास. इथवर तिचं बरोबर. पण रसात साखर ८-९ ग्रॅम, तंतू जवळजवळ नाहीतच, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. हमसमध्ये प्रथिनं ७-८ ग्रॅम, तंतू ५-६ ग्रॅम आणि साखर नावापुरती.

रसाला आपण फळाचा मान देतो, तो त्याचा नव्हे असं माझं ठाम मत आहे. घरी एक ग्लास रस काढायला तीन-चार संत्री लागतात. नंतर गाळणीत उरलेला चोथा बघा! फळातलं पोट भरणारं सगळं तिथेच राहतं. हमसमध्ये चणा अख्खा वाटला जातो, टाकून काही देत नाही.

आकडेमोड
१०० ग्रॅमची तुलनाच मला पटत नाही. डब्यावर हमसचं एक माप दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम धरतात. त्यात प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. २५० मिलीच्या ग्लासभर रसातही दीड ग्रॅमच्या वर असतात! मग "प्रथिनांसाठी हमस" कशाच्या जोरावर म्हणायचं? शिवाय त्या ग्लासात क जीवनसत्त्व १०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते. हमसमध्ये ते नगण्य.

धागाकर्ती
दोन चमच्यांवर थांबणारं कुणी मी पाहिलेलं नाही. गाजराचे तुकडे बुडवता बुडवता वाटी कधी पुसली जाते कळत नाही. क जीवनसत्त्वाचं मान्य. पण त्याच ग्लासात २१ ग्रॅमच्या आसपास साखर आहे, ती का सोडलीत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत रसातली साखर 'मुक्त साखर' म्हणून मोजली आहे, अख्ख्या फळातली नाही. ती एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत, ठेवली तर आणखी चांगलं. एका ग्लासात कोटा संपत आला की!

मीठमापे
वाटी पुसून खाणार असाल तर मिठाचाही हिशोब मांडा. तयार हमसच्या १०० ग्रॅममध्ये सोडियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम. रसात मीठ जवळपास नसतंच, उलट पोटॅशियम भरपूर. आणि वाटीत मधोमध खळगा करून ऑलिव्ह तेल ओततात, ते डब्यावरच्या आकड्यांत धरलेलं नसतं. एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी.

काळजीवाहू
माझे वडील इन्सुलिन घेतात. रात्री रक्तातली साखर घसरून घाम फुटला, हात थरथरायला लागले की अर्धा कप रसच देते. त्यात १५ ग्रॅमच्या आत-बाहेर कर्बोदकं मिळतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. तिथे हमस कामाचं नाही, त्यातले तंतू आणि तेल साखर रक्तात लवकर उतरू देत नाहीत. रसाला सरसकट वाईट म्हणू नका, एवढंच कळकळीने सांगते.

धागाकर्ती
ताई, तुमचं शंभर टक्के मान्य. तिथे रस हे औषध आहे. पण रक्तातली साखर इतक्या झटपट चढवणारी गोष्ट, तशी गरज नसताना रोज चार वाजता कशाला घ्यायची? मीठ-तेलाचं म्हणाल तर चणे घरी शिजवले की दोन्ही आपल्या हातात राहतं. रसातून साखर काढायची सोय नाही.

आकडेमोड
चण्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, हे मात्र राहून गेलं. हमससोबत अर्धा ग्लास रस घेतला तर दोघींचंही साधेल.

धागाकर्ती
त्यासाठी हमसमध्ये लिंबू पिळतातच. आणखी हवं असेल तर संत्रं सोलून खाईन.

आकडेमोड
सोललेल्या संत्र्याशी माझा वाद नाहीच. अर्धा ग्लास मात्र मी सोडणार नाही.